‘स्वतंत्र’ खेळ आणि खर्चीवाल्याचे स्वातंत्र्य

काही महिन्यांपूर्वी आपल्या एका जिल्हा अभ्यासवर्गात ‘मक्तेदारी भांडवल आणि संस्कृती’ या विषयावर चर्चा चालू असताना व्हिडिओ गेमचा विषय निघाला. एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने, हे खेळ म्हणजे तरुणांना चळवळीपासून दूर ठेवणारी अफू आहे, असे एका वाक्यात सांगून विषय संपविला. त्यावर मागच्या रांगेतला एक तरुण उठून म्हणाला की, सगळेच खेळ तसे नसतात. मोठ्या कंपन्यांच्या बाहेर, दोन-चार माणसांनी मिळून केलेले ‘इंडी’, म्हणजे स्वतंत्र खेळही असतात. तेथे मालक नसतो, उत्पादनाची साधने श्रम करणाऱ्याच्याच हाती असतात आणि म्हणून समाजवाद्यांनी ज्याचे स्वप्न पाहिले ते तेथे आधीच प्रत्यक्षात आलेले आहे. टाळ्या दोघांनाही पडल्या. माझ्या मते दोघेही चुकले. पहिल्याची चूक जुनी आहे. सिनेमाविषयी आणि त्याआधी तमाशाविषयी हेच बोलले जात असे आणि त्यामुळे ना सिनेमा थांबला ना तमाशा. दुसऱ्याची चूक नवी आहे आणि ती आपल्याच परिभाषेत बोलते. म्हणून तिचा समाचार घेणे मला अधिक जरुरीचे वाटते.

न खेळता बोलणे अप्रामाणिकपणाचे ठरले असते. परंतु मी हे खेळ केवळ लेखासाठी खेळलो असे म्हणणेही तितकेच अप्रामाणिक होईल. माझा एक भाचा पुण्यात संगणक कंपनीत नोकरीला आहे. तीन मित्रांसह नोकरी सोडून असा एक खेळ तयार करावा असे त्याच्या मनात आहे आणि त्यासाठी लागणाऱ्या भांडवलाचा काही भाग माझ्या निवृत्तीच्या रकमेतून यावा अशी त्याची अपेक्षा आहे. “मामा, तुम्ही जन्मभर वर्गात सहकार शिकवलात, मग आम्ही करतोय ते याहून वेगळं काय आहे?” असा त्याचा सवाल. मी म्हणालो, “आधी खेळून पाहतो, मग सांगतो.” त्याने एक यादी दिली आणि स्वतःचा जुना संगणकही आणून दिला. आठ महिने झाले. त्या खेळांविषयी आणि त्या ‘स्वातंत्र्या’विषयी माझी मते स्पष्टपणे मांडतो.

ज्या खेळाने माझा पूर्वग्रह मोडला त्यापासून सुरुवात करू. लुकास पोप या अमेरिकन गृहस्थाने जवळजवळ एकट्याने केलेला ‘पेपर्स, प्लीज’ हा खेळ २०१३ साली आला. आर्स्टोट्झ्का नावाच्या काल्पनिक देशाच्या सीमेवर, १९८२ सालच्या नोव्हेंबरात, खेळाडूला तपासनिसाची नोकरी लागते. तीही सरकारी कामगार सोडतीत नाव निघाले म्हणून. समोर खिडकी, बाहेर न संपणारी रांग, टेबलावर पारपत्रे, परवाने आणि रोज बदलणारे नियम. प्रत्येक माणसाच्या कागदांवरील नाव, तारीख, छायाचित्र, शिक्का जुळतो का ते पाहायचे आणि हिरवा किंवा तांबडा शिक्का मारायचा. बस्स, एवढाच खेळ. पण बिनचूक तपासलेल्या प्रत्येक माणसामागे पाच नाणी मिळतात, चुकांच्या पहिल्या दोन चिठ्ठ्या माफ असतात आणि तिसरीपासून दंड कापला जातो. संध्याकाळी घरभाडे, अन्न, ऊब आणि औषध यांचा हिशेब समोर येतो. मुलगा आजारी पडतो. घर थंड असते. त्यातच एक नवरा कागद पूर्ण करून आत जातो आणि जाता जाता सांगतो की मागून बायको येते आहे, तिच्याशी दयेने वागा. बायकोजवळ परवाना नसतो.

हा समाजवादाची बदनामी करणारा खेळ आहे, असे मला आपल्याच एका मित्राने ऐकविले. नोकरशाही राजवटीचे व्यंगचित्र त्यात आहे हे खरे आणि त्याने आपण एवढे हुळहुळे होण्याचे कारण नाही; लोकशाही समाजवाद्यांनी त्या राजवटींवर याहून कठोर टीका केलेली आहे. पण मित्राच्या नजरेतून जे निसटले ते त्याहून मोलाचे आहे. हा नगावर मिळणाऱ्या मजुरीचा खेळ आहे. सोलापूरच्या विडी कामगार बाईला विचारा. हजार विड्यांमागे दर, त्यातल्या खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे नाहीत आणि त्या खराब की चांगल्या हे ठरविणारा समोरचा माणूस. हा बंदोबस्त कोणत्याही सीमेवर, कोणत्याही झेंड्याखाली सारखाच चालतो. मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात या मजुरीला एक संपूर्ण प्रकरण दिले आहे; मी ते पंचवीस-तीस वर्षे शिकविले. वेग वाढवावा म्हणून मुकादमाला ओरडावे लागत नाही, मजूर स्वतःच स्वतःचा मुकादम होतो, हे मी फळ्यावर लिहीत असे. परंतु संध्याकाळचे सहा वाजण्यापूर्वी आणखी एक माणूस उरकावा म्हणून एका म्हाताऱ्याचे रडगाणे न ऐकता तांबडा शिक्का मारताना माझा स्वतःचा हात मी पाहिला, तेव्हा जे कळले ते फळ्यावर कधी उमटले नव्हते. कोणाही तरुण कार्यकर्त्याला वेतनाच्या प्रकारांवर व्याख्यान देण्यापूर्वी हा खेळ दोन तास खेळायला लावावा, असे माझे गंभीर मत आहे.

यानंतर ‘स्टारड्यू व्हॅली’. हा खेळ भाच्याचा लाडका आणि माझ्या दृष्टीने यादीतला सर्वांत गोड खोटारडा. कंपनीच्या कार्यालयात कंटाळलेला माणूस आजोबांनी ठेवलेल्या शेतावर परत येतो, नांगरतो, पेरतो, पाणी घालतो, गावातल्या माणसांशी मैत्री करतो. गावात ‘जोजा’ नावाची एक मोठी साखळी दुकानाची कंपनी घुसलेली असते आणि खेळाडूने तिचे सभासद व्हायचे की गावाचे मोडलेले समाजमंदिर उभे करायचे, हे त्याने ठरवायचे. हेतू उत्तम आहे. मीसुद्धा समाजमंदिर उभे केले, पहाटेपर्यंत जागून केले, आणि सकाळी चहा घेताना मला स्वतःची लाज वाटली. कारण जे मी केले ती शेती नव्हतीच.

या शेतावर कर्ज नाही. सावकार नाही, खताची टंचाई नाही, बांधावरून भाऊबंदांचे भांडण नाही. शेताच्या कडेला एक पेटी असते. तिच्यात माल टाकला की रात्री कोणी तरी तो घेऊन जातो आणि सकाळी पैसे जमा होतात. दहा भोपळे टाका किंवा दहा हजार, एका भोपळ्याचा भाव तोच! मागणी-पुरवठ्याचा एवढा संपूर्ण विसर मी विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत पाहिला असता तर त्याला नापास केले असते. लासलगावच्या आवारात कांद्याची ट्रॉली घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याला ही पेटी दाखवा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसविले, डिसेंबरात निर्यातच बंद केली आणि त्याच्या घरातील लग्ने पुढे गेली. शेती म्हणजे शहरातील त्रासातून सुटका, हे स्वप्न ज्याला शेती करावी लागत नाही त्याचे आहे. २०२४ च्या अखेरपर्यंत या खेळाच्या ४ कोटी १० लाख प्रती विकल्या गेल्या, त्या बहुतेक अशाच माणसांनी घेतल्या असाव्यात.

याच खेळाच्या निर्मितीची कथा मात्र अधिक बोधप्रद आहे. एरिक बॅरोन या तरुणाने सुमारे साडेचार वर्षे एकट्याने काम करून चित्रे, संगीत, संवाद, संगणकाची आज्ञावली असे सारे केले आणि २०१६ साली खेळ बाजारात आणला. स्वतंत्र खेळांच्या पुराणात त्याला ध्रुवाचे स्थान आहे. ती साडेचार वर्षे घर कशावर चालले? त्याने नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखविण्याचे अर्धवेळ काम केले आणि घराचा भार बराचसा त्याच्या जोडीदारणीच्या कमाईने उचलला. हे त्याने लपविलेले नाही. लपविले ते पुराणिकांनी. ज्याला ‘एकट्याची निर्मिती’ म्हणतात तिच्यामागे कोणा स्त्रीचे वेतन आणि कोणाचे तरी स्वयंपाकघर उभे असते, हे मराठी लेखकांच्या आणि आपल्या पूर्णवेळ कार्यकर्त्यांच्या पत्नींना सांगावयास नको.

आणि जिंकलेल्या एकाची कथा सांगताना हरलेल्यांची मोजदाद होत नाही. २०२४ या एकाच वर्षात ‘स्टीम’ या एकाच दुकानात १८ हजारांहून अधिक नवे खेळ दाखल झाले. त्यातील किती जणांना साडेचार महिन्यांचा तरी मेहनताना सुटला असेल? ‘पेपर्स, प्लीज’मधल्या तपासनिसाला निदान कामगार सोडतीत नोकरी लागली; येथे सोडतीचे तिकीट म्हणून माणूस स्वतःची चार-पाच वर्षे देतो. दिवसाला चौदा तास काम करून घेणाऱ्या कंपनीविरुद्ध आपण मोर्चा काढू. पण स्वतःकडूनच चौदा तास काम करून घेणाऱ्याचा मोर्चा कोणावर जाणार?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मालक नाही, साधने आपली, हे खरे की खोटे?

‘स्टीम’ हे अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीचे दुकान. वैयक्तिक संगणकावरील खेळांच्या बाजारपेठेत त्याला वळसा घालून जाणे लहान निर्मात्याला जवळजवळ अशक्य आहे. हे दुकान विक्रीतील ३० टक्के अडत घेते. तीस टक्के अडत घेणारा अडत्या नाशिक जिल्ह्यातील कोणत्याही बाजार समितीत एक दिवस टिकला नसता. शेतकऱ्याच्या पट्टीतून अडत कापू नये म्हणून आपण वर्षानुवर्षे भांडलो आणि २०१६ साली महाराष्ट्रात फळे-भाजीपाल्याची अडत खरेदीदारावर टाकण्यात आली. येथे अडत निर्मात्यावरच आहे, आणि पुढचा प्रकार तर अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने वहीत उतरवून घ्यावा असा आहे. २०१८ सालापासून ज्या खेळाची विक्री १ कोटी डॉलरच्या पुढे जाते त्याला पुढील विक्रीवर २५ टक्के आणि ५ कोटी डॉलरच्या पुढे २० टक्के अडत लागते. मोठ्याला सूट, लहानाला पूर्ण दर! प्रगतिशील करआकारणीची ही उलटी आवृत्ती कोणत्याही संसदेने मंजूर केलेली नाही. दुकानदाराने एक पत्रक काढले आणि जगभर ती लागू झाली.

इचलकरंजीत ‘खर्चीवाला’ हा शब्द ज्यांनी ऐकला आहे त्यांना पुढे फार सांगावे लागणार नाही. माग त्याचा असतो, शेड त्याची असते, दारावर त्याच्या नावाची पाटी असते. सरकारदरबारी तो उद्योजक आहे. पण सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे, आणि त्याला मिळते ती पिकावर मोजलेली मजुरी. मंदी आली की व्यापारी सूत पाठविणे थांबवितो. मागाचे हप्ते थांबत नाहीत. कामगारांची सभा घ्यावी तर तो म्हणतो, मी मालक आहे. मालकांच्या सभेला जावे तर त्याला दाराशी बसवितात. स्वतंत्र खेळ करणारा हा खर्चीवाल्याचा सख्खा भाऊ आहे. साधन हाती असणे आणि बाजार हाती असणे यांत केवढे अंतर आहे, हे समाजवाद्यांनी हातमागाच्या काळापासून पाहिलेले आहे. मग ते संगणकाच्या पडद्यावर आले की आपल्याला दिसेनासे का व्हावे?

शिवाय साधन तरी हाती आहे का? लहान निर्मात्यांपैकी पुष्कळजण ‘युनिटी’ नावाच्या एका कंपनीच्या सांगाड्यावर आपले खेळ उभारतात. १२ सप्टेंबर २०२३ रोजी त्या कंपनीने जाहीर केले की, एका मर्यादेपुढे, खेळ ग्राहकाच्या यंत्रावर बसविला जाईल त्या प्रत्येक वेळी निर्मात्याने कंपनीला शुल्क द्यावे. विक्रीवर नव्हे, बसविण्यावर! माग विकणाऱ्याने विणकराला सांगावे की तुझ्या कापडाचा सदरा गिऱ्हाईक अंगात घालील तेव्हा मला पैसे दे, तसलाच हा प्रकार. वर्षानुवर्षे जे खेळ तयार होत होते त्यांनाही हे लागू होणार होते. जगभर ओरड झाली, कंपनीचा प्रमुख ऑक्टोबरात पायउतार झाला आणि वर्षभराने, २०२४ च्या सप्टेंबरात, शुल्क रद्द झाले. या लढ्यात लहान निर्मात्यांनी एकजूट दाखविली याचे मी मनापासून कौतुक करतो. पण एका पत्रकाने ज्याचा धंदा बुडू शकतो त्याला स्वतंत्र म्हणणे हा भाषेवर अत्याचार आहे. त्या धक्क्यानंतर अनेकजण ‘गोदो’ या सांगाड्याकडे वळले. अर्जेंटिनातील दोघा तंत्रज्ञांनी सुरू केलेला हा सांगाडा २०१४ पासून सर्वांना खुला आहे. कोणीही वापरावा, बदलावा, कोणाला छदाम देऊ नये. उत्पादनसाधनांच्या सामाजिक मालकीचे उदाहरण आमच्या त्या अभ्यासवर्गातील तरुणाला हवेच असेल तर ते येथे आहे.

गोदोवरच केलेला ‘क्रुएल्टी स्क्वाड’ नावाचा, २०२१ साली आलेला फिनलंडमधील एक खेळ यादीत होता. कंत्राटावर खून करणारा एक कामगार आणि माणसाच्या अवयवांचा शेअरबाजार, असा त्याचा विषय. रंग इतके किळसवाणे की वीस मिनिटांत डोके धरले. विषय योग्य, आणि किळस बहुधा मुद्दामच आणलेली. पण मी पुन्हा उघडला नाही.

आता ज्या खेळाविषयी बोलताना मला संयम पाळावा लागतो तो ‘डिस्को एलिझियम’. एस्टोनियातील तरुण लेखक-चित्रकारांच्या ‘झाऊम’ या मंडळीने २०१९ साली तो प्रसिद्ध केला. पन्नास वर्षांपूर्वी क्रांती झाली आणि परकीय भांडवलदार सत्तांनी ती चिरडली, असे एक बंदर-शहर. तेथे गोदी कामगारांचा संप चालू आहे. वसतिगृहामागच्या झाडाला एक मृतदेह टांगलेला आहे, तो कंपनीने आणलेल्या भाडोत्री सैनिकाचा. आणि तपास करणारा पोलीस दारू पिऊन स्वतःचे नावसुद्धा विसरलेला. संघटनेचा पुढारी बेरकी, लबाड, पण मालकापुढे न वाकणारा असा रंगविला आहे. या पुढाऱ्याला मी गिरणगावात भेटलो आहे, असे मला सारखे वाटत होते. खेळ डाव्यांचीही टर उडवितो, आमच्या पुस्तकी पांडित्याची तर फारच. मी हसलो आणि दुखावलोही गेलो. पराभूत चळवळीचा माणूस उरलेल्या आयुष्याचे काय करतो, या प्रश्नाला इतक्या जवळून भिडलेली कादंबरी मी अलीकडे वाचलेली नाही. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेतील पारितोषिक समारंभात या मंडळीतील एका लेखिकेने व्यासपीठावरून मार्क्स आणि एंगल्स यांचे आभार मानले. सभागृहाला ती गंमत वाटली असावी.

पुढचे पाहा. खेळ करण्यासाठी भांडवल लागले होते. ते गुंतवणूकदारांकडून आले आणि त्याबरोबर कंपनीचे भागही त्यांच्याकडे गेले. २०२१ साली बहुमताचे भाग एका हातून दुसऱ्या हाती गेले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ज्याच्या डोक्यातून ते शहर निघाले तो लेखक, प्रमुख चित्रकार आणि आभार मानणारी ती लेखिका, असे तिघेही कंपनीच्या बाहेर होते. जगाला हे ऑक्टोबर २०२२ मध्ये कळले. कंपनीचे म्हणणे, त्यांची वागणूक कामाच्या ठिकाणी योग्य नव्हती. निर्मात्यांचे म्हणणे, भाग गैरमार्गाने बळकावले गेले. पण दोन्ही बाजूंपैकी कोणतीही खरी धरली तरी माझा मुद्दा जागचा हलत नाही. ते शहर, ती माणसे, त्या संपाची कथा ही आज कंपनीची मालमत्ता आहे. तिच्या लेखकाला त्याच शहराची दुसरी गोष्ट कंपनीला विचारल्याशिवाय सांगता येणार नाही. मार्क्सचे आभार मानणाऱ्यांनी भागभांडवलाचा करार नीट वाचला नव्हता, असे मी म्हणालो तेव्हा भाचा माझ्यावर रागावला. मला तसे म्हणताना आनंद झाला नव्हता. २०२४ साली तेथील सुमारे एकचतुर्थांश नोकरांना काढण्याचा घाट घातला गेला आणि मग जे व्हायला हवे ते झाले. ब्रिटनमधील कामगारांनी आपली संघटना बांधून तिला मान्यता मिळविली. त्या खेळाचा खरा उत्तरार्ध हाच आहे, असे मी मानतो.

‘केंटकी रूट झिरो’ हा अमेरिकेतील कोळसापट्ट्यातील खेळ तीन माणसांनी २०१३ पासून २०२० पर्यंत पाच अंकांत पूर्ण केला. जुन्या वस्तू पोचविणारा एक म्हातारा ट्रकचालक. पायाला दुखापत, औषधोपचाराचे कर्ज, मग दारूभट्टीचे कर्ज, आणि ते फेडता फेडता तो भट्टीच्या चमकत्या सांगाड्यांपैकी एक होऊन जातो. त्यात जिंकण्या-हरण्यासारखे काही नाही. मध्ये मध्ये मला झोप आली, हेही सांगून टाकतो. पण कर्ज माणसाला हळूहळू कसे नाहीसे करते, हे ज्याने पाहिले आहे त्याला तो म्हातारा विसरता येणार नाही.

याउलट ‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’. २०२२ साली पूर्ण झालेला, चहा-नाश्त्याच्या पैशांत मिळणारा खेळ. खेळाडूने फक्त चालायचे. शस्त्रे आपोआप चालतात, राक्षस मरतात, रत्ने पडतात, पेटी उघडली की दिव्यांची आणि संगीताची आतषबाजी. अर्धा तास जातो, मग दुसरा. याचा निर्माता पूर्वी जुगाराच्या यंत्रांच्या धंद्यात काम करीत होता, हे जाहीर आहे, आणि खेळताना ते बोटांना कळते. पैसा लागत नाही म्हणून जुगार नाही, हे कायद्याने खरे. आपल्याकडेही २०२५ साली संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि तो करावयासच हवा होता. पण माणसाचे लक्ष खणून काढण्याचे तंत्र जुगाराच्या अड्ड्यावर शिकून ते ‘स्वतंत्र’ या पाटीखाली विकले गेले तर त्याला पुरोगामी कसे म्हणावे? ब्रिटनमध्ये या खेळाला २०२३ साली वर्षातील सर्वोत्तम खेळाचे पारितोषिक मिळाले. मी त्याच्यात एकूण एकोणतीस तास घालविले आहेत. संगणक ते मोजून ठेवतो. न्यायासाठी एवढे जोडतो की, पत्त्यांवर बेतलेल्या ‘बॅलाट्रो’ (२०२४) या खेळाच्या निनावी कॅनडियन निर्मात्याने आपल्या मृत्युपत्रातच लिहून ठेवले आहे की, हा खेळ कोणत्याही जुगार कंपनीला कधीही विकला जाऊ नये. युरोपातील वर्गवारी मंडळाने त्याला आधी अठरा वर्षांवरील ठरविले आणि ओरड झाल्यावर २०२५ साली बारावर आणले. फुटबॉलच्या ज्या खेळात पोरांना खऱ्या पैशांत बंद पुड्या विकल्या जातात तो मात्र तीन वर्षांच्या मुलाला योग्य!

पुण्याच्या मंडळींनी केलेल्या ‘राजी’विषयी (२०२०) बोलावयास हवे, कारण तो आपल्या दारचा आहे. २०१७ साली लोकवर्गणीचा प्रयत्न फसूनही त्यांनी तो पुरा केला, याबद्दल त्यांना दाद दिली पाहिजे. भिंतीवरील चित्रे, राजस्थानी महाल, दिव्यांचा उजेड हे सारे पाहत राहावे असे आहे. मारामारी एकसुरी, आणि शेवट अर्ध्यावर सोडल्यासारखा. राजी ही खेळ दाखवून पोट भरणारी, अनाथ भाऊ-बहिणीतली बहीण. एवढी चांगली कष्टकरी नायिका हाती लागल्यावर तिला लगेच देवांच्या युद्धात पाठवून दिले. आपल्याकडे स्वतंत्र निर्माता स्वतंत्र झाला की पुराणांकडेच का वळतो? परदेशातील गिऱ्हाइकाला आपण तसेच दिसावे असे त्या बाजाराला वाटते, हे एक कारण असावे. इचलकरंजीचा माग, ऊसतोडणीची टोळी, मुंबईची शेवटची लोकल यांवर खेळ होऊ शकत नाही, असे ‘पेपर्स, प्लीज’ पाहिल्यावर कोणीही म्हणणार नाही.

भाच्याचा हुकमी एक्का होता बोर्दो येथील ‘मोशन ट्विन’. २००१ साली स्थापन झालेली ही कामगारांची सहकारी संस्था आहे. सर्वांना समान वेतन आणि प्रत्येकाला एक मत. २०१८ साली पूर्ण झालेल्या तिच्या ‘डेड सेल्स’च्या २०२३ पर्यंत १ कोटी प्रती गेल्या. खेळ म्हणून मला त्यात काही सापडले नाही. तुरुंगातील एक मुंडके नसलेला कैदी पळत सुटतो, कापतो, मरतो, पुन्हा उठतो. मी प्रत्येक वेळी पहिल्या दहा मिनिटांत मेलो. समान वेतनाने काम करणारी माणसेही राजाच्या बेटावर मुंडकीच उडविणार असतील तर उत्पादनसंबंध आणि आशय यांचा संबंध आपण समजतो तेवढा सरळ नाही. असो. पण संस्था खरी आहे आणि एवढी वर्षे टिकली आहे, हे मान्य करण्यात मला आनंद आहे. अडचण यशाबरोबर आली. काम वाढले, माणसे हवी होती, आणि सर्वांना समान हक्क देऊन वाढणे जमेना. तेव्हा २०१९ साली त्या खेळाचे पुढचे काम पाहण्यासाठी नेहमीच्या धाटणीची वेगळी कंपनी निघाली. आपल्या सहकारी साखर कारखान्यांत ऊस पिकविणारा सभासद असतो आणि ऊस तोडणारा नसतो. सहकाराची लोकशाही टोळीच्या कोपीपर्यंत कधी पोचली नाही. बोर्दोत हे इतके टोकाला गेलेले नाही, पण वाट ओळखीची आहे.

म्हणून पक्षाकडे माझे म्हणणे असे. व्हिडिओ गेम करणारे हे कामगार आहेत. मोठ्या कंपनीत असोत की स्वतःच्या खोलीत. पुण्या-मुंबईत परदेशी कंपन्यांसाठी चित्रे आणि आज्ञावली पुरविणारे हजारो तरुण आहेत. आपल्या कामगार आघाडीच्या यादीत त्यांचे नाव नाही. खोलीत बसलेल्यांना, तुम्ही आधीच मुक्त आहात, असे सांगून टाळ्या मिळविणे सोपे आहे. अडतीचा दर कोण ठरवितो, सांगाडा कोणाचा, भाग कोणाच्या नावावर, हे प्रश्न त्यांच्यापुढे ठेवणे आणि दुकानदाराशी सामुदायिक सौदा करण्याची भाषा त्यांना देणे हे आपले काम आहे. युनिटीच्या वेळी ती भाषा त्यांना आपणहून सापडली होती; तेव्हा आपण कोठे होतो?

भाच्याला मी पैसे द्यावयाचे कबूल केले आहे. अटी तीन: सांगाडा गोदोचा वापरावा, कामाला हात लावण्यापूर्वी संस्थेचा कागद करावा, त्यात चौघांना समान वाटा, समान मत असावे, आणि पुढे पगारावर जो कोणी येईल त्याला वर्षभरात सभासद करून घेण्याचे कलम असावे. पहिली अट त्याच दिवशी मान्य झाली. दुसरीला थोडा वेळ लागला. तिसरीवर दोन महिने झाले तरी चौघांचे एकमत झालेले नाही. त्यांतील एकाचे म्हणणे असे की, कल्पना मुळात त्याची आहे.